'वारियाने कुंडल हाले' या गौळणीचा अर्थ काय? कृष्ण यात राधेची वाट अडवतो का?

नाही, अडवत नाही. गौळण म्हटलं की मथुरेच्या बाजाराची वाट, आडवा येणारा कान्हा आणि फुटलेली घागर डोळ्यांपुढे येते, म्हणून हा गैरसमज होतो. एकनाथांच्या या गौळणीत सहा कडवी आहेत आणि सगळ्यांत मिळून कोणी कोणाशी एक अक्षर बोलत नाही.

'वारियाने' म्हणजे वाऱ्याने; पंढरीच्या वारीशी त्याचा संबंध नाही. राधा 'डोळे मोडीत' चालते, म्हणजे नखऱ्याने नजर फिरवत. डोळे मिटून नव्हे.

तिला पाहून हरी भुलतो आणि लगेच येतं 'बैल दुभे नंदाघरी'. दुभणे म्हणजे दूध देणे. भान हरपलेला हरी गाय समजून बैलाची धार काढायला बसलाय, असा याचा अर्थ लावतात. श्रोते इथे हसतात, हसावंच. पण ही ओळ सुटी घेतली तर अर्धीच कळते, कारण तिची जोडी चौथ्या कडव्यात आहे: हरीला पाहून भुललेली राधा 'घुसळी डेरा रिता'. डेरा म्हणजे दही घुसळायचं मोठं मडकं, रिता म्हणजे रिकामा. रवी फिरतेय, दोरी ओढली जातेय, आत दह्याचा थेंब नाही. दोघंही गवळ्यांच्या घरचे, आणि चुकतंय ते लहानपणापासून हातात बसलेलं काम. जीव जडल्याचं तोंडाने सांगायला मग उरलंच काय? क्रमही बघा: आधी हरी भुलतो, मग राधा. नुसतं 'राधेचं वेड' असा अर्थ सांगणारे पहिला निम्मा भाग गाळतात.

मधलं तिसरं कडवं फळझाडांचं. फणस, जंबीर (लिंबाच्या जातीचं झाड) आणि कर्दळी यांची दाटी. ही कर्दळी म्हणजे केळ. बागेतली लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ मनात आणली तर चित्र बिघडतं. 'हाती घेऊन नारंगी फाटा', म्हणजे संत्र्याची फांदी. ती कोणाच्या हाती, हे ओळ सांगत नाही. मी हरीच्या हाती धरतो, कारण नुकताच भुललाय तो. जवळ जाण्याची एवढी एकच खूण अख्ख्या गौळणीत आहे.

पाचव्यात 'मिनली' आहे, त्याचा अर्थ मिळाली. आवड जुळली, दोघं एकरूप झाले.

शेवटची ओळ गाताना सवयीने 'एका जनार्दनी' तोंडात येतं. इथे मात्र 'एका भुलला जनार्दना' आहे. 'एका' म्हणजे स्वतः एकनाथ. जनार्दन हे कृष्णाचं नाव आणि देवगिरीच्या जनार्दनस्वामींचं, म्हणजे नाथांच्या गुरूंचंही. हरी राधेला भुलला, राधा हरीला, आणि त्याच 'भुलला' शब्दाने नाथ तिसरे येऊन बसले. 'जनार्दनी' म्हटलंत की नुसती नाममुद्रा उरते, भुलणं निघून जातं.