इन-ऑफ बसतच नाही, काय करू?

प्रश्न: सर, मी स्नूकरवरून बिलियर्ड्सकडे आलोय. पॉट (समोरचा बॉल पॉकेटात घालणं) जमतो पण लालवरून इन-ऑफ मारताना, म्हणजे लालला लागून आपलाच बॉल पॉकेटात घालताना, कधी जातो कधी नाही. रोज काय प्रॅक्टिस करू?

उत्तर: आधी फक्त हाफ-बॉल पक्का करा, बाकी सगळं नंतर. म्हणजे आपल्या बॉलचा मध्य लालच्या कडेवर धरायचा, निम्मा बॉल झाकला जातो, आणि मग आपला बॉल साधारण 33-34 अंशात वळतो. आणि गंमत म्हणजे इथे नेम थोडा चुकला तरी हा कोन फारसा बदलत नाही, म्हणून तर पूर्वीपासून सगळे इथूनच सुरुवात करतात.

लाल टेबलाच्या बरोब्बर मध्यावरच्या स्पॉटवर ठेवा, आपला बॉल डीमध्ये (आपल्या बाजूच्या आडव्या रेषेवरचं, म्हणजे बॉक लाइनवरचं अर्धवर्तुळ), बॉक लाइनच्या मध्यापासून डावीकडे पाचसहा इंच, लालची डावी कड धरा आणि वरच्या डाव्या पॉकेटात जायला हवा. साइड (बॉलला डावी-उजवी फिरकी) अजिबात नको, मध्याच्या जरा वर मारा, बॉल नीट घरंगळत गेला पाहिजे. बहुतेकांचं इथेच चुकतं, जोरात मारतात आणि कोनच बिघडतो. नाही गेला तर नेम बदलू नका हो, आपला बॉल अर्धा इंच सरकवा.

दहापैकी आठ जायला लागले की मग लाल कुठे थांबतो ते बघा. इन-ऑफचे 3 पॉइंट मिळाल्यावर परत डीमधूनच खेळायचंय, त्यामुळे लाल मध्याकडे परत आणणं हाच खरा खेळ. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन झाले, तो हाच खेळ!