ग्रीन कार्डावर येताय? मेडिकेअर गृहीत धरू नका

काका, ठाण्याच्या नौपाड्यातलं घर बंद करून लेकीकडे न्यू जर्सीला आल्यावर तुम्हाला (71) आणि काकूंना (66) मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होईल का, असं विचारलंत. होईल, पण पाच वर्षांनी.

आपल्याकडे सत्तरी पूर्ण झाली की आधार दाखवून मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नही विचारत नाहीत. इथलं मेडिकेअर तसं नाही. साधारणपणे 65 वय हवं, शिवाय ग्रीन कार्डवाल्याने आधी सलग 5 वर्षं इथे राहिलेलं हवं. लोक ‘फुकट’ म्हणतात तो पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग. तो फुकट मिळतो स्वतः किंवा जोडीदाराने इथे साधारण 10 वर्षं कर भरून काम केलं असेल तर. लेकीने भरलेला कर आईबापांच्या कामी येत नाही. मग विकत घ्यायचं: 2025 च्या दराने पार्ट ए महिना 518 डॉलर आणि डॉक्टरांच्या खर्चाचा पार्ट बी 185, तेही माणशी. म्हणजे दोघांचे महिना चौदाशेच्या वर.

खरी गोची मधल्या पाच वर्षांची. लेकीच्या ऑफिसच्या पॉलिसीत बहुधा नवरा-मुलंच बसतात. ट्रॅव्हल पॉलिसीवर भागवू नका, जुनी शुगर-बीपी त्यात सहसा धरत नाहीत. त्यापेक्षा ‘गेट कव्हर्ड एनजे’ या राज्य सरकारच्या साइटवरून खासगी कंपनीची पॉलिसी घ्या. जुन्या आजारावरून तिथे नाकारता येत नाही. वयामुळे हप्ता मात्र जबर. ग्रीन कार्डावर आल्यापासून 60 दिवसांत नोंदणी करा, नाहीतर पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत (सगळ्यांसाठीची वार्षिक नोंदणी) बसा हात चोळत. हप्त्यात सरकारी सूट उत्पन्नावर ठरते, आणि लेक टॅक्समध्ये तुम्हाला अवलंबून दाखवणार असेल तर तिचा पगारही मोजतात. हे तिच्या टॅक्सवाल्याशी आधीच बोलून घ्या.

ठाण्यातलं मेडिक्लेम चालू ठेवा. मेडिकेअर भारतात चालत नाही, आणि एकदा पॉलिसी तुटली की नव्या पॉलिसीत वेटिंग पीरियड पुन्हा पहिल्यापासून.

येताना डॉक्टरांकडून औषधांची मूळ (जेनेरिक) नावं टाइप करून आणा. माझ्या बाबांनी पहिल्या तपासणीला ठाण्याची हाताने लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. नर्सने ती उलटसुलट करून पाहिली आणि शेवटी गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून घेतले.

मेडिकेअरचा अर्ज पाच वर्षं भरायच्या तीन महिने आधीपासून करता येतो. ती तारीख लेकीच्या फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. रेंगाळलात तर पार्ट बीचा हप्ता उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे 10 टक्क्यांनी चढतो, आणि तो दंड सहसा कायमचा मागे लागतो.