वाचकांचे प्रश्न : स्वतःची शैली

प्रश्न : मी काही वर्षं जलरंगात काम करते. आवडत्या चित्रकारांची कामं उतरवत शिकले. आता काहीही काढलं तरी त्यांच्यातल्याच कुणाची तरी आठवण येते. अनुकरण सोडून द्यावं का?

सोडू नका, पद्धत बदला. १८८९-९०मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना व्हॅन गॉगने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या कामांवरून वीसेक चित्रं केली. त्याच्यापुढे होत्या कृष्णधवल छापील प्रती. रचना मिलेची, पण रंग त्याचे त्यालाच ठरवावे लागले, आणि ती चित्रं ओळखू येतात ती त्याचीच म्हणून. तुम्हीही आवडत्या चित्राची कृष्णधवल प्रत घ्या, रचना पेन्सिलने उतरवा, मूळ चित्र मिटून ठेवा आणि मग रंगवा.

पुढचा टप्पा मालिकेचा. एकच साधा विषय घ्या, खुर्ची किंवा खिडकी. ए५ मापाचे, ३०० जीएसएमचे म्हणजे जाड, वीस कागद. रंग तीनच : यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). शेवटचे दोन मिसळले की करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, वेगळा काळा लागत नाही. पहिली काही चित्रं सवयीची होतील. मग कंटाळा येईल आणि बहुतेक जण नेमके तिथेच विषय बदलतात. बदलू नका, सोपे पर्याय संपल्यावरच हात दुसरं काही शोधू लागतो.

वीसही चित्रं एकदम भिंतीवर लावा. विषय विसरून बघा : कडा कुठे विरल्या आहेत, मोकळी जागा कोणत्या बाजूला पडते, गडद भाग किती, नजर वरून आहे की खालून. न ठरवता पुन्हा पुन्हा आलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढा.

मात्र त्या यादीतलं सगळं शैली नसतं. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे कित्येकांची चित्रं नुसतीच फिकट होतात आणि मग त्याला ‘माझा हळुवारपणा’ म्हटलं जातं! म्हणून यादीतल्या प्रत्येक गोष्टीच्या मुद्दाम उलट दोन-दोन चित्रं करा. उलटं जमलंच नाही, तर तो कौशल्याचा प्रश्न, सराव करा. जमलं आणि तरीही पहिलंच हवंसं वाटलं, तर ते तुमचं.

प्रश्न : टॅबलेटवर चित्रं काढतो. काम वेगळं दिसण्यासाठी कोणते ब्रश घ्यावेत?

नवे घेऊ नका. आहेत त्यांतले दोन ठेवा, एक रेषेसाठी, एक भरण्यासाठी. रेषा सरळ करून देणारं स्टॅबिलायझर अगदी कमी करा किंवा बंदच ठेवा. हाताचा वेग आणि थरथर ते पुसून टाकतं, म्हणून सगळ्यांच्या रेषा सारख्याच गुळगुळीत दिसतात. सुरुवातीला रेषा वेड्यावाकड्या येतील. मनगटाऐवजी कोपरातून हात फिरवलात, तर लांब रेषा लवकर सुधारतात.