दीड वर्षांचे मूल, एक खिडकी आणि पोर्ट्रेटची आवड

तुम्ही विचारले आहे की मुलगा दीड वर्षांचा झाला आणि लग्नाआधीपासून जपलेली पोर्ट्रेट काढण्याची आवड जवळजवळ थांबली. कॅमेरा हातात घेतला की मुलाकडे दुर्लक्ष होते असे वाटते, जे फोटो निघतात ते सगळे त्याचेच आणि बहुतेक हललेले असतात, तेव्हा कॅमेरा विकून चांगला फोन घ्यावा का. माझे उत्तर असे की कॅमेरा विकू नका. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती सव्वा वर्षाची असताना मी कॅमेरा जवळपास वर्षभर कपाटात ठेवला होता आणि त्या वर्षाची हळहळ मला आजही वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सवड मिळाली की पुन्हा सुरू करू असे मी स्वतःला सांगत राहिले आणि सवड काही मिळाली नाही, कारण या वयाचे मूल दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोपत असले तरी त्यातली दुपारची झोप तास-दोन तासांची असते आणि तेवढ्यात भांडी, कपडे आणि स्वतःचे जेवण उरकायचे असते. अखेर मार्ग निघाला तो जागा आणि माणसे ठरवून घेतल्यामुळे. आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, उत्तरेची एक खिडकी आहे. तिच्यापासून हातभर अंतरावर एक लाकडी स्टूल कायमचे ठेवले, कॅमेरा चार्ज करून उंच फडताळात ठेवला, आणि घरी जे कोणी येईल त्याची इच्छा असेल तर तिथेच त्याचे पोर्ट्रेट काढायचे असे ठरवले. मांडामांड करावी लागत नसल्याने दहा मिनिटेही पुरतात आणि मूल जागे असले तरी काम अडत नाही.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, असे फोटोग्राफीच्या अनेक पुस्तकांत असते. ते थंड देशांतल्या घरांचे वर्णन आहे. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो व मावळतो तोही उत्तरेकडे सरकून, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ आपल्या उत्तरेच्या खिडकीत तिरपे ऊन उतरतेच. ते आले की मी खिडकीला जुने पांढरे धोतर एकेरी बांधते, म्हणजे नाकाची आणि भुवईची कडक सावली विरघळते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते. आभाळच एक मोठा पडदा होते, प्रकाश पसरून येतो आणि चेहरा सपाट दिसू लागतो. अशा वेळी खिडकीच्या समोरच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या शक्य तितकी जवळ, काळी घोंगडी टांगावी. घोंगडी प्रकाश शोषून घेते आणि गालाची कड पुन्हा उठून येते. पार्श्वभूमीसाठीही तिच्याइतके चांगले काही मला विकत मिळालेले नाही, कारण लोकरीचा तो खरखरीत काळा कुठेही चमकत नाही.

किरणोत्सव तुम्ही पाहिला असेलच. मावळतीची किरणे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, कारण डिसेंबरात दक्षिणेच्या टोकाला जाताना आणि तिथून परतताना सूर्य आकाशात साधारण त्याच जागी, विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला, असतो. घरातल्या प्रत्येक खिडकीचेही असेच दोन वेळा परतणारे दिवस असतात. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहून ठेवत असे की आज किती वाजता ऊन कोणत्या फरशीपर्यंत आले. हे काम मूल कडेवर असताना होते, त्याला कॅमेराही लागत नाही, आणि माझ्या मते पोर्ट्रेटचा निम्मा अभ्यास यातच आहे. रंगाचीही नोंद ठेवा. आमच्या सोप्याची एक भिंत हिरवी होती आणि तिच्याजवळ बसणाऱ्या प्रत्येकाच्या हनुवटीखाली हिरवट छटा येत असे. तिथे थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केल्यावर ती गेली.

हललेल्या फोटोंचे कारण तांत्रिक आहे आणि ते लवकर सुटते. चालत्या मुलासाठी शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा कमी ठेवू नका, धावत असेल तर ५००वा भाग ठेवा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, कॅमेऱ्यालाच ठरवू द्या. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला डोळा चालत नाही. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या प्रकारावर ठेवा. तुमच्याकडे ५० मिमीची लेन्स आहे असे तुम्ही लिहिले आहे. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे उघडून, दीड मीटरवरून स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम ६ सेंटीमीटर मिळते, म्हणजे मूल पुढे झुकले की डोळे त्या पट्ट्याबाहेर जातात, तेव्हा छिद्र लहान करून एफ ४ वर काम करावे. खाली जमिनीवर बसा आणि लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. फोनने काढायचे असेल तेव्हा जवळ जाऊ नका, कारण अगदी जवळून नाक मोठे आणि कान लहान दिसतात; दोन पावले मागे सरून दुप्पट झूम वापरा.

आता मुख्य गोष्ट. तुमचे सगळे फोटो मुलाचेच असतात याची तुम्हाला खंत आहे आणि ती मला योग्य वाटते. मुलाचे फोटो घरासाठी असतात, त्यांत ‘गोड आला’ एवढे पुरते. पोर्ट्रेटमध्ये समोरच्या माणसाला तुम्ही कसे पाहिले ते दिसावे लागते, आणि त्यासाठी मोठी, निरनिराळ्या वयांची माणसे हवीत. ती शोधायला बाहेर जावे लागत नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कोलकात्यात जन्मली आणि तिला पहिला कॅमेरा मिळाला तो १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेकीने आणि जावयाने भेट दिला म्हणून. इंग्लंडमधल्या घराच्या अंगणातले कोंबड्यांचे काचेचे खुराडे तिने स्टुडिओ म्हणून वापरले, आणि घरातल्या मोलकरणी, शेजारी, नातेवाईक आणि लहान मुले यांनाच समोर बसवून तिने जी चित्रे काढली ती आज पोर्ट्रेटच्या इतिहासात अगदी वरच्या ठिकाणी आहेत. तिच्या काळात एका फोटोसाठी मिनिटे-मिनिटे स्थिर बसावे लागे, माणसे हलत, आणि तो मऊपणा तिने ठेवूनच दिला.

माझ्या त्या स्टुलावर सासूबाई लसूण सोलत बसल्या आहेत, दूध घालणारे मामा कासंडी मांडीवर घेऊन बसले आहेत, भिशीच्या बायका एकीमागून एक बसल्या आहेत. यात लेकीची फार मदत झाली. कॅमेऱ्यासमोर बसले की आपल्याकडची माणसे पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ होतात, पण पायाशी मूल घुटमळू लागले की त्यांची नजर तिकडे जाते, खांदे उतरतात आणि चेहरा मोकळा होतो. मी मुलीला मुद्दाम माझ्या डाव्या हाताला, खिडकीच्या बाजूला, खेळायला बसवत असे, म्हणजे पाहुण्याची नजर आपोआप प्रकाशाकडे वळत असे. बाहेर पडावेसे वाटले तर संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. मूल म्हशी पाहण्यात रमते आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात घेतलेल्या माणसाइतका निवांत चेहरा दुसरीकडे क्वचित मिळतो. फक्त विचारल्याशिवाय कुणाचा फोटो घेऊ नका. टाऊन हॉलच्या संग्रहालयातही मुलाला घेऊन जरूर जा. अबालाल रहिमान यांच्यासह इथल्या चित्रकारांची चित्रे तिथे आहेत, आणि प्रकाश कुठून येतो, कुठे थांबवला आहे हे पाहायला अर्धा तास पुरतो. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावात चित्रांपाशी फोटो शिकणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

दुर्लक्षाबद्दल एवढेच सांगते की ज्या दहा मिनिटांत तुम्ही कॅमेरा धरला आहे त्या दहा मिनिटांत मूल तुमच्याजवळच असते आणि आई एखाद्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहते आहे हे ते पाहत असते. माझी मुलगी दोन वर्षांची झाल्यावर आपण होऊन पाहुण्यांना हाताला धरून स्टुलापाशी नेऊ लागली. मात्र तिने स्वतःच्या फोटोला मान फिरवली की मी कॅमेरा खाली ठेवत असे, आणि तिचे फोटो आम्ही कुठेही जाहीर टाकले नाहीत.

काळजीच्या गोष्टी मात्र गंभीरपणे घ्या. कॅमेऱ्याच्या रिमोटमधली नाण्याच्या आकाराची बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते, म्हणून स्क्रूने बंद होणारे झाकण नसलेला रिमोट घरात ठेवूच नका, आणि गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. ट्रायपॉड उभा करून ठेवू नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा कुठेही लोंबू देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. मी कॅमेरा कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला होता त्याच वर्षी माझ्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले आणि साफ करूनही काचेवरचे डाग गेले नाहीत. कॅमेरा हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असे पाहा, आणि त्या पुड्या मुलाच्या हाती लागू देऊ नका.

तुमच्या फ्लॅटमधली कोणती खिडकी मोठी आहे, तिचे तोंड कुठे आहे आणि समोर दुसरी इमारत किती जवळ आहे एवढे कळवा, म्हणजे स्टूल कुठे ठेवायचे ते मी सांगू शकेन. पहिले पोर्ट्रेट काढाल ते तुमच्या आईचे काढा आणि त्याची प्रिंट करून त्यांना द्या.