सोशिओलॉजी घेतलं तर क्रिमिनॉलॉजीचा रस्ता बंद होतो का?

बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. मागे एक मुलगी वडिलांसोबत आली, सोलापूरकडची, बारावी आर्ट्स, तिला क्रिमिनॉलॉजीच, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यासच करायचा होता पण गावाजवळच्या कॉलेजात बीएला तो विषय नाही, सोशिओलॉजी म्हणजे समाजशास्त्र आहे, आणि जिथे क्रिमिनॉलॉजी आहे त्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी घराला झेपणारी नाही. वडील म्हणाले, "मॅडम, कर्ज काढतो मी, पण पुढं नोकरी लागंल का तेवढं सांगा."

मी आधी तिला विचारलं, लॅबमध्ये बसून पुरावे तपासायचेत का? कारण ते फॉरेन्सिक, त्याला सायन्स लागतं, आणि निम्मी मुलं सिरीयल्स बघून इथेच गोंधळतात. ती नाही म्हणाली. तिच्या गल्लीतला एक मुलगा मोबाईल चोरीत आत गेलेला, जामीन मंजूर झाला पण जामीनदार कुणी उभा राहिना म्हणून कित्येक महिने आतच राहिला. "त्याच्याबरोबर धरलेला दुसरा आठवड्यात सुटला मॅडम, त्याच्या मामाची जमीन होती. हे असं का होतं ते मला शिकायचंय."

मला फार बरं वाटलं ऐकून. आपल्या देशात तुरुंगातल्या चौघांपैकी जवळपास तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेले, आणि ते कोण, कुठल्या जातीचे, किती शिकलेले, हे विचारणं म्हणजे सोशिओलॉजीच की! मग मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, बीएसाठी कर्ज काढू नका. सोशिओलॉजी मेजर घेऊ द्या, सायकॉलॉजी मायनर मिळालं तर उत्तमच, आणि रिसर्च मेथड्स अन् स्टॅटिस्टिक्सचा पेपर टाळू देऊ नका, पुढे सगळीकडे तोच कामाला येतो. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, एमए सोशल वर्कला क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस आहे, तिथे कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतो. नोकरीचं म्हणाल तर प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी), बालन्याय मंडळाशी जोडलेलं काम, तुरुंगात काम करणाऱ्या संस्था, पगार सुरुवातीला बेताचाच असतो हेही मी लपवलं नाही. आणि यूपीएससीच्या ऑप्शनलमध्ये सोशिओलॉजी आहे, क्रिमिनॉलॉजी नाही, हे ऐकल्यावर वडील जरा सैल झाले.

आता ती एसवायला आहे. सुट्टीत जिल्हा कोर्टात जाऊन बसते, जामिनाचे अर्ज ऐकते, आणि कुणासाठी जामीनदार आला, कुणासाठी नाही, ते वहीत लिहून ठेवते.