एमएस सर्जरीनंतर नागपुरातच राहून दुर्बिणीच्या कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदाशयाच्या) सर्जरीत प्राध्यापकी करावी, की खाजगीत जावं?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो. ‘सीनियर म्हणतात, कॉलेजात नुसते कागद रंगवावे लागतात, हात काही बसत नाही.’

हात बसतो. उलट या कामात शिकवायची सोय जास्त, कारण दुर्बिणीला दिसतं ते पडद्यावर सगळ्यांनाच दिसतं. सिग्मॉइडचं (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणाचं) मेसेंटरी, म्हणजे रक्तवाहिन्या असलेला पदर, उचलून आतल्या बाजूनं थर सोडवत गेलं की खाली डावी युरेटर, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी आणणारी नळी, येते. तिथं मी रेसिडेंटला थांबवतो. ‘हात लावू नको, नुसतं बघ.’ क्षणभरात ती नळी अळीसारखी सरकते. ती ओळखल्याशिवाय रक्तवाहिनीला क्लिप नाही, हा आमच्याकडचा नियम. ओपनमध्ये, म्हणजे पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात, हे बघायला टेबलाशी उभ्या दोघांनाच मिळायचं, तेही मान वाकडी करून.

आता कागदांचं. लेक्चरर असताना माझा एक बॅचमेट माझ्याच युनिटला होता. हात माझ्यापेक्षा चपळ, आज खाजगीत जोरात चालतो. मी आतड्याच्या कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची वहीत नोंद करायचो: स्टेज, काढलेल्या भागात किती लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) मिळाले, रक्तातलं सीईए (कॅन्सर परतल्याची चाहूल देणारी तपासणी) किती, पुढची तारीख, घरचा फोन आणि शेजाऱ्याचाही. तो म्हणायचा, ‘पेशंट आला नाही म्हणजे बरा असतो. कशाला मागं लागतोस?’ यावरून आमचं कितीदा वाजलं!

भंडारा जिल्ह्यातल्या एक बाई, घरची धानाची शेती. सिग्मॉइडचा कॅन्सर होता, दुर्बिणीतून काढला, पाचव्या दिवशी घरी गेल्या. पहिलं वर्ष नेमानं आल्या, मग येणं बंद. फोन लागेना. वहीत शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर होता. दुकानदारानं गावातल्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्तीला) निरोप दिला आणि आशाताईंनी स्वतःच्या फोनवरून बाईंशी बोलणं करून दिलं. ‘बरीच तं आहो मी डॉक्टरसाहेब, कायले येऊ? रोवणी सुरू आहे इथं.’ मी म्हटलं, रोवणी झाली की या, पण या.

आल्या. पोट मऊ, वजन वाढलेलं, तक्रार कसलीच नाही. सीईए मात्र चढलेलं. सीटी केला तर लिव्हरच्या उजव्या भागात एकच गाठ. ती काढता आली. अजूनही दाखवायला येतात, येताना तांदूळ आणतात. त्या ‘बऱ्या’ होत्या म्हणून आम्ही गप्प बसलो असतो, तर पुढं पोट फुगून, कावीळ होऊन आल्या असत्या आणि आमच्या हातात काही उरलं नसतं. हा कॅन्सर लिव्हरला पोचल्यावरही वेळेत सापडला तर काही जणांना पूर्ण बरं करता येतं. पण ती वेळ असते पेशंटला काहीच होत नसताना.

बॅचमेटला सांगितलं तर म्हणाला, ‘एका केसवरून काय ठरतं?’ काहीच नाही ठरत, म्हणून तर वही! १९९०-९१ च्या सुमारास अमेरिकेत आतडं दुर्बिणीतून काढायला सुरुवात झाली आणि थोड्याच वर्षांत पोर्टच्या, म्हणजे दुर्बीण आत घालायच्या छिद्रांच्या, जागी कॅन्सर उगवल्याचं प्रसिद्ध व्हायला लागलं. अनेकांनी हात आखडता घेतला. ती भीती मोडली २००४ साली, दुर्बीण आणि ओपनची तुलना करणाऱ्या कॉस्ट चाचणीनं. ४८ संस्था, ८७२ पेशंट. तीन वर्षांनी कॅन्सर परतण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, ओपनमध्ये १८. जखमेत परतणं दोन्हीकडे १ टक्क्याहून कमी. त्यात भाग घ्यायलाच सर्जनची अशी किमान २० ऑपरेशनं झालेली असावी लागत. म्हणजे हात सगळ्यांचेच बसलेले होते, वाद मिटला तो वर्षानुवर्षं पेशंटचा माग ठेवल्यानं. माझा बॅचमेट आज रोज कॅन्सरच्या केसेस दुर्बिणीतून करतो, तो कोणीतरी रंगवलेल्या अशाच कागदांच्या भरवशावर.

तुमचं विचाराल तर, नागपुरात केसेसची वाण नाही. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडून पेशंट इथंच येतात, आणि कित्येक जण महिनोन्‌महिने मूळव्याधीची औषधं खाऊन, उशिरा. एमएसवर थांबू नका. नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) द्या, सर्जिकल गॅस्ट्रो (पोटाचे अवयव) किंवा सर्जिकल ऑन्को (कॅन्सर) यांतलं एमसीएच करा. तीन वर्षं बाहेर काढावी लागली तर काढा, नागपूर कुठं पळून जात नाही. मग कॉलेज. आधी खाजगीत शिरलेला परत शिकवायला आलेला मी तरी पाहिला नाही.

घरावर कर्ज असेल, आईवडील तुमच्यावरच असतील तर मात्र हिशोब वेगळा. प्राध्यापकाच्या पगारात धंतोलीतल्या खाजगी हॉस्पिटलांची कमाई होत नाही, आणि खाजगीत जाण्यात कमीपणाही नाही. आणि खाजगीत चोख नोंदी ठेवणारे सर्जनही इथं आहेत, त्यांच्याकडे जरूर शिका. फक्त कुठंही जॉइन होण्याआधी तिथल्या सरांना विचारा: तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेल्या रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कॅन्सरच्या पेशंटांपैकी आज किती जिवंत आहेत, आणि शौचासाठी पोटावर तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी किती जणांची अजून बंद झालेली नाही? ‘सगळे मस्त आहेत’ असं उत्तर आलं, तर दुसरं युनिट बघा.