पाट लपवू नका

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पावसाळ्यात सासरे हार्ट अटॅकने गेले. रात्री अँब्युलन्स आली, ती हिने पाहिली. तेव्हापासून रोज एकच खेळ. बाहुल्याला पाटावर निजवायचं, तोंडाने भोंगा वाजवत हॉलभर ओढायचं, इंजेक्शन द्यायचं, की तो बरा होऊन घरी येतो. लगेच पुन्हा पहिल्यापासून. चित्रंही काळ्या खडूनेच काढते. सासूबाई म्हणतात, घरात हे अभद्र नको. आम्ही तिला ‘आजोबा गावाला गेलेत’ असं सांगितलंय. पाट लपवून ठेवू का?
– एक आई, सांगली

उत्तर : नका लपवू. पाट नसला तर ती उशी घेईल. मोठी माणसं असा प्रसंग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून मोकळी होतात. सहा वर्षांच्या मुलीला तसं सांगता येत नाही, म्हणून ती करून बघते. त्या रात्री तिला बहुधा बाजूलाच सारलं असेल. खेळात गाडी तिच्या हुकमाने चालते.

मला खटकलं ते वेगळंच. बाहुला दर वेळी बरा होतो. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक लंडनमध्ये मुलांसाठी बालगृहं चालवत. तिथली मुलं कागदाची घरं मांडून त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकायची. त्या मुलांत वडील मारले गेलेला चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या खेळात सगळी माणसं वेळेत वाचायची, घरं पुन्हा उभी राहायची. वडील गेले हे तो मानतच नव्हता. त्यामुळे त्याला मोकळं वाटेना आणि खेळही संपेना. तुमच्या मुलीला तर खरं कुणी सांगितलेलंच नाही. गावाला गेलेला माणूस परत येतो, मग ती वाट बघणारच.

तेव्हा आधी जवळ घेऊन सरळ सांगा : आजोबांचं हृदय बंद पडलं, ते वारले, आता परत येणार नाहीत. ‘झोपलेत’ तर मुळीच म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात. यात तिचा काही दोष नाही, हेही सांगा. ‘मी दंगा केला म्हणून’ असं मुलांच्या मनात पुष्कळदा असतं.

मग खेळात जाऊन बसा. “मी कोण होऊ?” एवढंच विचारा. आजोबांचा विषय मध्येच घुसडू नका. दिसतं तेवढंच बोला : “गाडी जोरात चाललीय”, “बाहुला एकटाच आहे.” चुकलात तर ती दुरुस्त करेल, आणि त्यातूनच तिच्या मनातलं कळेल. एखाद्या दिवशी बाहुला मेला तर दचकू नका. मला तर ते ऐकून बरंच वाटेल.

काळ्या खडूचं सोडून द्या. पांढऱ्या कागदावर तो ठसठशीत उमटतो. रंगावरून मन ओळखायचे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

सासूबाईंना मात्र दोष देववत नाही. तो भोंगा त्यांना सोसवत नसणार. खेळ आतल्या खोलीत हलवा. आणि आजोबांची धोतरं अजून कुणाला दिली नसतील, तर आजी-नातीला मिळून गोधडी शिवायला बसवा. धावदोरा तिच्या हाताला जमेल. टाके वाकडे आले तरी उसवायचे नाहीत, एवढं आजींना आधीच बजावा.

झोप उडाली, अंथरूण ओलं होऊ लागलं किंवा खरं सांगूनही महिनाभरात खेळ जराही बदलला नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास मोफत असतो, मराठीत बोलता येतं. सासूबाईंनाही लावून द्या.